एक वॉर्निंग बाकी

माझ्या कोडला तोंडावर नावं ठेवणारं पहिलं माणूस म्हणजे मढवीताई. कराडहून ऐरोलीला येऊन मला दोनच महिने झाले होते. कॉलेजात पहिला आल्याची हवा अजून डोक्यातून गेली नव्हती. कानात इअरफोन घालून बसलं की आपण कामात आहोत असं लोकांना वाटतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. त्या दिवशी कुणीतरी खांद्यावर बोटानं टकटक केलं. वळून बघतो तर पन्नाशीच्या आसपासची एक ठेंगणी बाई उभी. फुलाफुलांची साडी, एसी बाधू नये म्हणून वर नवऱ्याचा तपकिरी स्वेटर, आणि हातात प्रिंट काढलेला एक कागद.

"ह्ये तू लिवलंस?" त्यांनी विचारलं.

कागदावर माझ्या फाईलचं नाव होतं आणि ओळीचा नंबर होता. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग हे काय करतं ते वर लिहिलेलं नाही. मी म्हटलं, ताई, नावातच आहे की सगळं, वाचलं की कळतं. त्यांनी वाकून माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं.

"तुजं नाव प्रकाश. म्हनून मी हितली ट्यूबलाईट बंद करू का?"

आजूबाजूचे चौघं खो खो हसले. माझे कान तापले. मी मुळातच तापट, त्यात नवीन. 'कोण ही बाई' असं पुटपुटत मी दोन ओळी खरडून दिल्या. त्यांनी त्या वाचल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. अर्ध्या तासानं उठल्या तेव्हा माझं ते फंक्शन नेमकं काय करतं हे त्यांना कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच नीट कळलं.

आमची कंपनी शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. मासे, फळं, औषधं जिथं गोठवून ठेवतात त्या खोल्यांचं तापमान, दारं, भोंगे, सगळं आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं. कोड लिहिताना प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या, डोक्यावर एक टीप लिहायची असते. हे काय करतं, याला काय द्यायचं, म्हणजे याचे पॅरामीटर, यातून काय परत मिळतं, एवढंच. मग एक टूल त्या सगळ्या टिपा गोळा करून आपोआप मॅन्युअल तयार करतं. 'आपोआप' हा शब्द ऐकला की साहेब लोकांचा चेहरा कसा खुलतो, ते बघण्यासारखं असतं. पण टीप नसली, अर्धवट असली, किंवा कोड बदलून टीप जुनीच राहिली, की ते टूल वॉर्निंग देतं. अमुक फाईल, तमुक ओळ, इथं गडबड आहे. गंमत अशी की वॉर्निंग आली तरी मॅन्युअल बनतंच, कुणाचं काही अडत नाही. त्यामुळं वॉर्निंगकडं कुणी ढुंकून बघत नाही. मढवीताईंचं काम तेच होतं. रोज सकाळी नऊला टूल चालवायचं आणि निघालेल्या वॉर्निंगा एकेक करून मिटवायच्या.

त्या तिथल्याच, दिवागावच्या सून. बारावी झालेल्या, ठाण्याला टायपिंग शिकलेल्या. आमची बिल्डिंग उभी राहिली त्या काळात डेटा टाईप करायला ठेकेदाराकडून लागल्या आणि मग हे कुणालाच नको असलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पार्किंगकडं बोट दाखवून त्या नवीन लोकांना सांगायच्या, थितं आमचा भात व्हायचा. "आमच्याच शेतात आमी ठेक्यावर," असं एकदा म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या. मला काही हसू आलं नाही.

त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, पण वाचता येत होता. इंग्रजी त्या वॉर्निंगांमधूनच शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांचं इंग्रजी हे संपूर्णपणे तक्रारीचं इंग्रजी होतं. पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, पोरगा बरा हाय, पण एक पॅरामीटर मिसिंग हाय, नोकरी. कँटीनचा वडापाव लहान झाला तेव्हा त्यांनी कँटीनवाल्याला 'डॉक्युमेंट आनि कोड मॅच होत नाय' असं सुनावलं होतं, आणि तो बिचारा दिवसभर आम्हाला अर्थ विचारत फिरत होता.

कामाची त्यांची एक रीत होती. वॉर्निंग ज्याच्या फाईलमधली त्याच्या टेबलाशी जायचं आणि त्याला उभं करायचं. अक्षरशः उभं. खुर्चीत बसलेला माणूस स्क्रीन बघून वाचून दाखवतो, उभा राहिला की त्याला स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. तो सांगायचा, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग तेच आपल्या बोलीत त्याला परत सांगायच्या आणि तो हो म्हणाला तरच टीप लिहायच्या. त्यात एखादा आकडा आला, अमुक डिग्री, तमुक मिनिटं, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "बगितलंस का ऐकलंस?"

म्हणजे हे असं होताना तू डोळ्यांनी बघितलंस, की कुणी सांगितलं म्हणून सांगतोयस. बघितलं असेल तर त्या आपल्या यादीत त्या ओळीपुढं एक टिंब काढायच्या. ऐकलं असेल तर टिंब नाही. मग कधीतरी टेस्टिंगवाल्यांना गाठून तो आकडा चालवून बघायच्या आणि मगच टिंब पडायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, ताई, एवढा संशय बरा नाही. त्यांनी सांगितलं की त्यांचं माहेर मिठागरावरचं. खाडीचं पाणी आत घ्यायची झडप उघडायची तर भरती कुठपर्यंत आली ते कुणाच्या सांगण्यावर चालत नसे. सख्खा भाऊ सांगत आला तरी बाप उठून बांधावर जायचा आणि स्वतः बघायचा. भावाला त्याचा राग यायचा नाही. माझं मात्र डोकं फिरायचं, कारण माझ्या पुढ्यात रोज दहा कामं असायची आणि ही बाई मला शाळेतल्यासारखं उभं करायची.

म्हणून मी एकदा शहाणपणा केला. त्यांना दहा दिवस रजा होती, घरात लग्न होतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जिथं टीप नाही तिथं फंक्शनच्या नावाचेच शब्द सुटे करून तो टीप भरायचा. 'तापमान वाच' असं नाव असेल तर टीप यायची, 'हे फंक्शन तापमान वाचतं'. पाच मिनिटांत शेकडो वॉर्निंगा खल्लास. आमचे मॅनेजर सबनीस साहेब माझ्या टेबलाशी येऊन पाठ थोपटून गेले, आणि मॅन्युअल तसंच चेन्नईच्या एका ग्राहकाकडं रवाना झालं.

आता आमच्यात एक पाटील म्हणून होता. त्याला फंक्शनला नाव सुचलं नाही की तो तात्पुरतं काहीतरी ठेवून द्यायचा, आणि ते तात्पुरतं कायमचं व्हायचं. चेन्नईहून चार दिवसांनी अतिशय अदबशीर पत्र आलं. पान त्रेपन्नवर लिहिलंय की हे फंक्शन 'भाऊ दोन फायनल करतं'. तर हे भाऊ दोन कोण, आणि ते फायनल करणं आमच्या ऑपरेटरनं करायचं की तुम्ही इथं येऊन करणार, हे कृपया कळवावं.

ताई रजेवरून आल्या तेव्हा ते पत्र त्यांच्या टेबलावर होतं. मी कॉम्प्युटरच्या आड तोंड लपवून बसलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. लग्नाचे लाडू वाटले, मलाही दिला, आणि मग सगळ्या भरलेल्या टिपा काढून टाकल्या. वॉर्निंगा परत शेकड्यांवर गेल्या. मी म्हटलं, अहो ताई, होतं ते शून्य परत कशाला घालवलंत. त्या म्हणाल्या, रिकामी जागा दिसली की माणूस विचारतो तरी, भरलेली दिसली की विचारत नाही. एवढं बोलून त्यांनी मला उभं केलं.

त्यांच्या नोकरीचं मात्र भिजत घोंगडं होतं. ठेकेदाराची माणसं दर अकरा महिन्यांनी चार दिवस घरी बसायची, मग नवीन कार्ड घेऊन पुन्हा यायची. ताईंची अशी चौदा वर्षं झाली होती. आम्ही पोरंसोरं येताक्षणी परमनंट, आणि आम्हाला उभं करणारी बाई ठेक्यावर. त्यांना पगाराचं फार नव्हतं. नवऱ्याचे दोन्ही गुडघे गेले होते, ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली होती, आणि परमनंट माणसाच्या घरच्यांना कंपनीचा विमा लागू व्हायचा. त्यांना तेवढंच हवं होतं. ते त्या लपवायच्या नाहीत. सबनीस साहेब समोर आले की हसत हसत, पण दर वेळी विचारायच्या, साहेब, आमच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं काय झालं.

मला तिथं सहा वर्षं होऊन गेली, लग्नही झालं, आणि मग तशी वेळ आली. एका मोठ्या ग्राहकानं अट घातली की नवीन आवृत्तीचं मॅन्युअल एकाही वॉर्निंगशिवाय तयार झालेलं हवं. सबनीसांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. नंतर ताईंनीच मला सांगितलं ते असं, की ताई, शून्यावर आणा, त्या जोरावर तुमचं नाव परमनंटच्या यादीत घालतो. तीन महिने आहेत, शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला यादी हेड ऑफिसला जाणार, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. सबनीस माणूस खोटा नव्हता. त्यांनी खरंच घातलं असतं.

तीन महिने ताईंनी आम्हाला भंडावून सोडलं. कोण रजेवर, कोण नोकरी सोडून खारघरच्या दुसऱ्या कंपनीत गेलेला, कोण बाळंतपणाला माहेरी, सगळ्यांना फोन. शेकड्यांच्या वॉर्निंगा साठावर आल्या, मग वीसवर, मग पाचवर. आम्हीही हळूहळू त्यात गुंतलो. रोज सकाळी नऊला त्यांच्या टेबलाभोवती घोळका जमायचा आणि आकडा आला की टाळ्या पडायच्या. शेवटच्या शुक्रवारी दुपारी आकडा आला एक. ती एक वॉर्निंग माझ्या फाईलमधली होती.

शीतगृहाच्या खोलीत कुणी माणूस असताना बाहेरून दार लागलं, तर आतला सेन्सर त्याची हालचाल टिपतो, थोडा वेळ थांबतो आणि मग बाहेर भोंगा वाजतो. दाराला आतून खटका असतो, पण त्यावर बर्फ धरला की तो हलत नाही, म्हणून हा भोंगा. किती थांबायचं तो आकडा माझ्या फंक्शनला द्यायचा असे, आणि त्या आकड्याबद्दल टिपेत अवाक्षर नव्हतं. ताई आल्या, मी न सांगता उभा राहिलो, आणि छाती काढून म्हटलं, सेकंद. तीस दिले की तीस सेकंद.

"बगितलंस का ऐकलंस?"

"ताई, मीच लिहिलंय ते."

"कदी?"

"झाली की सहा वर्षं."

"मंग तू पन ऐकलंसच," त्या म्हणाल्या. "सा वर्षांपूर्वीच्या तुज्याकडून."

मी कोड उघडून दाखवायला गेलो तर कोडात काही सापडेना. माझं फंक्शन तो आकडा नुसता पुढं ढकलत होतं. मोजणं व्हायचं ते शीतगृहातल्या भिंतीवरच्या मशीनमध्ये. ते मशीन बनवणारी कंपनी बंद पडलेली, तिचे कागद कुणाकडं नाहीत, आणि आता तसं मशीन आमच्या माहितीत उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका शीतगृहात. ताईंनी तिथल्या सुपरवायझरला, घरतांना, फोन लावला. आकडा तीस लावलेला आहे, असं ते म्हणाले. भोंगा किती वेळानं वाजतो विचारलं तर म्हणाले, देवाच्या दयेनं कुणी अडकलाच नाही, वाजेल कशाला.

घड्याळात पाच वाजत आले होते. मी चिडलो. म्हटलं, ताई, लिहा हो सेकंद. नसेल पटत तर नुसतं लिहा, 'थांबण्याचा वेळ'. टूलला काय, तिथं काहीतरी लिहिलेलं असलं की झालं, वॉर्निंग जाईल. सोमवारी जाऊन बघू आणि बदलू. त्या म्हणाल्या, वेल म्हंजे काय, सेकंद का मिनिट, ते वाचनाऱ्यानं कुटून आनायचं. मग सबनीस आले. त्यांनी अगदी हात जोडले. ताई, एका शब्दाचा प्रश्न आहे, तुमच्या घरचा विचार करा. ताईंनी त्यांच्याकडं वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी बगितलंय?"

सबनीस केबिनमध्ये परत गेले. सहा वाजता यादी गेली. तिच्यात मढवीताईंचं नाव नव्हतं. ताईंनी कॉम्प्युटर बंद केला, स्वेटर काढून घडी घातली. त्यांचे डोळे भरले होते. आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसलो. मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग. हातातोंडाशी आलेला घास एका शब्दापायी कुणी टाकतं का, असंच मला वाटत होतं.

शनिवारी सकाळी सातला फोन. "उठलास? द्रोनागिरीला जायाचं हाय." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हटलं. दोन बस बदलून आम्ही पोचलो. रस्ताभर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. ताई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि यादी तर गेली, आता हे कशासाठी, हा प्रश्न मी विचारला नाही.

घरत उरणकडचे, ताईंच्याच बोलीतले. दोन मिनिटांत दोघांनी कुणाची कोण कुठं दिली आहे ते काढलं आणि लांबचं नातं लागलंसुद्धा. मग घरतांनी खोली दाखवली. आत उणे अठरा. मी जाकीट मागितलं तर ताईंनी ते माझ्या हातातून काढून स्वतः चढवलं. भगव्या रंगाचं, घोट्यापर्यंत आलेलं. मी म्हटलं, ताई, मी जातो. त्या म्हणाल्या, आकडा माझ्या यादीत हाय, मी जातंय. तू भायेर वेल मोज. आनि भोंगा वाजल्याबिगर दार उघरायचं नाय.

दार लागलं. मी मोबाईलवर सेकंद मोजायला लागलो. दाराच्या बारीक काचेतून ते भगवं जाकीट इकडून तिकडं जाताना दिसत होतं. सेन्सरला हालचाल दिसावी म्हणून त्या येरझाऱ्या घालत होत्या. तीस सेकंद झाले. भोंगा वाजला नाही. चाळीस. मिनिट. दीड मिनिट. दोन मिनिटांवर माझा धीर सुटला आणि मी दार उघडलं.

"वाजला?" त्यांनी आतूनच विचारलं.

"नाही."

"मंग कशाला उघरलंस? आता परत पयल्यापासून." दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

या वेळी घरतांनी माझं मनगट धरून ठेवलं. काचेवर वाफ धरली होती, जाकीट मधूनच दिसायचं आणि मधूनच नाही. तीन मिनिटं. चार. बरोबर पाच मिनिटांनी भोंगा वाजला. ताई बाहेर आल्या तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. किती, एवढंच विचारलं. पाच मिनिटं, मी म्हटलं. तीस सेकंद नव्हे, तिसाच्या दसपट. ते मशीन दहा सेकंदांचा एक, असं मोजत होतं.

घरत तिथल्याच एका खोक्यावर बसले. आमच्या पोरांना आम्ही सांगतो की अर्ध्या मिनिटात भोंगा होतो, म्हणाले. कागदावर नव्हतं, तरी सगळे तेच धरून चालले होते. कुणी सांगितलं होतं, तर मशीन बसवायला आलेल्या आमच्याच माणसानं. त्याला कुणी सांगितलं असेल, हे मला विचारायची गरज नव्हती. मला लाज वाटली. आदल्या संध्याकाळी मी ओरडून ओरडून 'सेकंद लिहा' म्हणत होतो, आणि ताईंनी लिहिलं असतं तर ती चूक छापून सगळीकडं गेली असती.

घरतांनी आकडा तीन केला. मी म्हटलं, झालं, आता तीस सेकंद. ताईंनी जाकिटाची चेन परत वर ओढली आणि तिसऱ्यांदा आत गेल्या. तीस सेकंदांनी भोंगा वाजला. मग त्यांनी यादी काढून त्या ओळीपुढं टिंब द्यायला पेन धरलं, पण बोटं वळत नव्हती. चहाचा ग्लास घरतांनी त्यांच्या ओठाला लावला. टीप मी तिथंच लॅपटॉपवर लिहिली, उभा राहून मोठ्यानं वाचली, आणि त्यांनी मान हलवल्यावरच ठेवून दिली.

सोमवारी सकाळी नऊला शून्य आलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी सबनीसांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, माझं सेकंदांचं ठाम सांगणंसुद्धा. त्यांनी त्या दिवशी ज्या ज्या ग्राहकांकडं आमचा भोंगा होता त्या सगळ्यांना कळवलं, आणि माझ्यासमोर हेड ऑफिसला फोन लावला. बराच वेळ बोलले. यादी बंद झाली होती, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी ठेकेदारच बदलला, मॅन्युअलचं काम दुसऱ्या शहरातल्या लोकांकडं गेलं, आणि ताईंना नवीन कार्ड मिळालंच नाही. नवऱ्याचे गुडघे त्यांनी शेवटी दिरानं घातलेल्या पैशांत करून घेतले. आधी एक, मग दुसरा.

शेवटच्या दिवशी मी धीर करून विचारलं, ताई, माझ्यावर राग आहे का. माझं फंक्शन, माझी टीप. मी वेळीच लिहिली असती तर तुमचं काम झालं असतं.

"हाय," त्या म्हणाल्या. "इतक्यात जायचा नाय तो." आणि पिशवीतून काढून सुकटीची एक पुडी माझ्या हातात दिली. "बायकोला सांग, कांदा जास्ती घाल."

संध्याकाळी त्या कार्ड जमा करून गेल्या. दहा मिनिटांनी गेटवरून माझ्या फोनवर त्यांचा आवाज. चष्मा टेबलावर राहिला होता आणि आता कार्डाशिवाय वॉचमन आत सोडत नव्हता. मी खाली धावलो. वॉचमन नवीन, त्याचाही दोष नाही. म्हणाला, पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये लिहा, मग पास देतो. ताईंना चष्म्याशिवाय रकाने दिसेनात. त्यांनी वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, लिही. मी नाव लिहिलं, कंपनी लिहिली, कुणाला भेटायचंय तिथं माझं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्याशी वॉचमन म्हणाला, मीटिंग लिहा, सगळे तेच लिहितात. ताई म्हणाल्या, मीटिंग कुटं हाय. चष्मा इसरलाय, तसंच लिही. मी तसंच लिहिलं.

वर गेलो. चष्मा टेबलावर होता. त्यांनी तो डोळ्यांना लावला, कुणाच्या टेबलाशी थांबल्या नाहीत, आणि आम्ही खाली आलो. जाताना सही करायची असते. ताईंनी वही पुढं ओढली आणि सही करण्याआधी मी लिहिलेली ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या. नाव वाचलं. पुढच्या रकान्यावर बोट थांबलं. कंपनीच्या रकान्यात मी हाताच्या सवयीनं आमच्या कंपनीचं नाव लिहून गेलो होतो.

"ह्ये चुकलं," त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, रोज सकाळी म्हणायच्या तसंच म्हणाल्या. माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या नावावर सरळ एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कोणतीच नाही'. मग सही केली, पास वॉचमनला परत दिला आणि पार्किंगच्या कडेकडेनं गावाच्या रस्त्याला लागल्या.